नऊबंदरची फुटलेली यादी

प्रीती गमरे विठ्ठलवाडीची. स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांचं घर, आई शकू पालिकेच्या दवाखान्यात आया. बारावीनंतर कॉलेज करता करता प्रीती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेकर म्हणून लागली. खिसा तिरका, शिलाई सुटलेली, एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब, असा माल बाजूला काढायचा. दिवसाला चारशे पँटी तिच्या हाताखालून जायच्या. त्या कामात तिला गंमत वाटायची, हे घरी कोणाला खरं वाटत नसे.

पुढे ठाण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीला तपासनीस हवेत असं कळलं, म्हणून ती गेली. मालक साईनाथ सर डोंबिवलीचे, कॉलेजात असल्यापासून गेम बनवणारे. त्यांनी तिच्यापुढे एक छोटा गेम ठेवला आणि म्हणाले, "खेळ. काय खटकतं ते सांग." अर्ध्या तासात तिने चौदा चुका काढल्या. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर.

साईनाथ सरांच्या डोक्यात कॉलेजापासून एकच गेम होता, "नऊबंदर". नऊ बंदरं, मधे समुद्र, मागे डोंगर. खेळणाऱ्याने वाटेल तिकडे जावं, वाटेल ते करावं. होडी घ्यावी, मासे विकावेत, चाच्यांशी लढावं, नाहीतर नुसतं हिंडावं. गावांत तीन हजार माणसं आणि प्रत्येकाचा दिवस वेगळा, कोण कधी उठतो, कुठे जातो, पावसात कुठे उभा राहतो. बावीस माणसांच्या कंपनीने हे अंगावर घेतलं आणि त्यात पाच वर्षं गेली.

तपासायला दोघंच होती, प्रीती आणि सुदेश. सुदेश ठाण्यातच खोपटचा, त्याचे वडील एसटीत मेकॅनिक होते. दोघांची टेबलं शेजारी आणि डबा एकत्र. प्रीतीच्या लग्नाचं मोडलं तेव्हा ऑफिसात ते फक्त सुदेशला माहीत होतं.

चुका ढीगभर होत्या. पाऊस आला की एका गावातली सगळी माणसं एकाच घरात शिरायची आणि बाहेर यायचीच नाहीत. होडी वल्हवता वल्हवता आभाळात चढायची. बाजारात एक कोळीण गळ्यापर्यंत जमिनीत रुतून मासे विकायची. प्रीती सगळं यादीत लिहायची. यादी इंग्रजीत असे, पण प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती सवयीने मराठीत लिहायची, "दोनदा बघितलं." साईनाथ सर यादी वाचायचे आणि प्रत्येक नोंदीसमोर लिहायचे, "नंतर". गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी यादीत चारशे अकरा चुका होत्या.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी गेम आला. पहिले दोन दिवस लोक हसले. कोळणीचे फोटो फिरले. "मावशी, वर या, गिऱ्हाईक आलंय," असं कोणीतरी लिहिलं आणि ते सगळीकडे पसरलं. काही चिडले, काहींनी गेम परत केला. काहींनी मात्र लिहिलं, "एवढी मोठी दुनिया आपल्याकडे कोणी बनवली नव्हती. दुरुस्त करा, आम्ही थांबतो." ते प्रीतीने सुदेशला मोठ्याने वाचून दाखवलं.

सोमवारपासून वेगळेच अभिप्राय दिसायला लागले. "अप्रतिम. एकही अडचण आली नाही." "घरातले सगळे खेळतो, एकदम मक्खन." सगळे गोड, सगळे एकाच घाटाचे. प्रीतीला ते खटकलं. एकही अडचण न येता हा गेम दहा मिनिटंसुद्धा खेळता येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? खेळणाऱ्यांनाही वास आला होता. एकाने लिहिलं, "ये सब कंपनीवाले लिख रहे हैं भाई."

मंगळवारी दुपारी यादी फुटली. चारशे अकरा चुका, तारखांसकट, आणि समोर "नंतर, नंतर, नंतर". ती टाकणाऱ्याने स्वतःचं नाव "भरतीओहोटी" असं ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत हसणं थांबलं. यांना सगळं माहीत होतं, माहीत असून विकलं, असं लोक लिहू लागले. साईनाथ सरांच्या आईचा उद्धार झाला. गेम परत करणाऱ्यांची रांग लागली.

बुधवारी सकाळी सगळ्यांचे मोबाइल एका खोक्यात जमा करून घेतले. मग साईनाथ सरांनी प्रीतीला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर यादीची छापील प्रत होती. "दोनदा बघितलं"खाली त्यांनी जागोजागी लाल रेघ मारली होती.

"ही तुझी भाषा आहे."

"यादीच माझी आहे, सर. पण मी बाहेर नाही दिली."

"तुला राग होता. प्रत्येक मीटिंगमध्ये तू म्हणायचीस, गेम तयार नाही."

"नव्हताच तयार."

"बघ," ते म्हणाले. त्यांना जणू तेच ऐकायचं होतं.

कारखान्यात मोजणीत माल कमी भरला की सगळ्यांच्या पिशव्या झाडून बघायचे. तेव्हा आपण काही घेतलेलं नसलं तरी छातीत धडधडायचं. प्रीतीचं आत्ता तसंच झालं. साईनाथ सरांनी विचारलं, "तू नाहीस तर कोण? पूर्ण यादी आणखी कोणाकडे होती?"

यादी सुदेशकडे होती. गुरुवारीच त्याने मागून घेतली होती. सोमवारी ती चहा घेऊन त्याच्या टेबलाशी गेली तेव्हा त्याने घाईने पडद्यावरचं झाकलं होतं, एकदा नाही, दोनदा. हे तिला त्या क्षणी आठवलं, की ती दोन दिवस हेच मनात घोळवत होती, ते तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. ती म्हणाली, "सुदेशला विचारा."

दुपारी सुदेशचा लॅपटॉप काढून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी बस, असं त्याला सांगितलं. त्याने बॅग उचलली, डबा उचलला आणि प्रीतीकडे न बघता गेला. तिला वाटलं, निर्दोष माणूस भांडला असता. मग तिला वाटलं, मी तरी कुठे भांडले?

पुढचे तीन दिवस ऑफिसात कोणी कोणाशी मोकळेपणाने बोललं नाही. प्रीतीने "भरतीओहोटी"ने लिहिलेलं सगळं उकरून वाचलं. त्यात सुदेशचे शब्द सापडतात का ते ती बघत होती. एका ठिकाणी "एस्टी" दिसलं, तिने ते टिपून ठेवलं. एका ठिकाणी सुदेशच्या तोंडी असायचं ते "कल्टी मार" होतं, तेही टिपलं. शनिवारी घरी आई म्हणाली, "अगं, तो सुदेश आपल्याकडे जेवून गेलेला माणूस. त्याला फोन कर ना सरळ."

"फोनवर तो काय खरं सांगणार?"

"मग खरं कोण सांगणार, ते तरी ठरव," आई म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

रविवारी सकाळी प्रीतीने "भरतीओहोटी"लाच निरोप पाठवला. "यादी तुम्हाला कोणी दिली?"

उत्तर लगेच आलं. "तुम्ही कंपनीच्या का?"

तिने खोटं लिहायचं ठरवलं होतं. बोटं मात्र थांबली. "हो," तिने लिहिलं.

"मग मला कशाला अडकवताय? केस करणार का?"

"नाही. माझ्यावर आळ आलाय. मला फक्त कळायला हवं."

मग आलं, "मॅडम, कोणी दिली नाही. मी गेम विकत घेतला. गेमच्या फाइली उघडून बघायची सवय आहे मला. आवाजांच्या फोल्डरच्या आत अजून एक फोल्डर आहे, 'जुने' नावाचा. त्यात पडलीय. तुमच्याच गेममध्ये आहे. जेवढ्यांनी घेतला तेवढ्यांच्या घरी आहे."

प्रीतीने विश्वास ठेवला नाही. हा सुदेशला वाचवायला बनाव असेल, असं तिला वाटलं. तिने गेम बाजारातून इतर कोणी घेईल तसा विकत घेतला आणि घरच्या कॉम्प्युटरवर उतरवला. त्याला दुपार झाली. आवाजांचा फोल्डर. त्यात "जुने". त्यात यादी. तिने ती उघडली, बंद केली, परत उघडली. बाजारात जाणाऱ्या गेमच्या सगळ्या फाइलींचा शेवटचा गठ्ठा शुक्रवारी पहाटे कोणी बांधला होता, ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. साईनाथ सरांनी, स्वतः. बाकीच्यांना झोपायला पाठवून.

सोमवारी तिने त्यांना दाखवलं. त्यांनी फोल्डर स्वतः उघडून यादी खालपर्यंत बघितली. मग त्यांनी विचारलं, "हे अजून कोणाला दाखवलंस?"

"कोणाला नाही."

"नक्की?"

त्या "नक्की"ने तिला जे वाटलं ते ती पुढे कितीदा तरी सांगायची. चूक स्वतःची निघाली तरी हा माणूस आधी माझ्याकडेच संशयाने बघतो. ती म्हणाली, "सर, सुदेशला बोलवा." त्यांनी सुदेशला एका ओळीचा मेसेज पाठवला, उद्यापासून ये. सुदेश आला नाही.

चार दिवसांनी प्रीती खोपटला गेली. एसटी डेपोच्या बाकावर दोघं बसली. समोर गाड्या मागे-पुढे होत होत्या.

"सरांना तुझं नाव मी सांगितलं," ती म्हणाली.

"माहितीये. त्यांनी तेव्हाच सांगितलं मला."

"तू सोमवारी काय लपवत होतास?"

सुदेश हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "अभिप्राय लिहीत होतो. ते गोड गोड. सर म्हणाले, चाळीस नावं बनव आणि लिही. तुला सांगू नको म्हणाले, तू ऐकणार नाहीस. यादी त्यासाठीच मागितलेली. कशाबद्दल लिहायचं नाही ते कळायला."

"तू लिहिलेस?"

"लिहिले. लाज वाटत होती म्हणून झाकलं." मग तो म्हणाला, "म्हणजे तुझा संशय खोटा नव्हता. नुसता चुकीच्या गोष्टीचा होता."

प्रीतीने माफी मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला.

ती कंपनीत आणखी आठ महिने राहिली. यादी आमच्याच हातून बाहेर गेली, असं कंपनीने जाहीर केलं, तेही प्रीतीने हट्ट धरला म्हणून. गोड अभिप्राय काढून टाकले. मग एकेक चूक दुरुस्त व्हायला लागली. खेळणारे हळूहळू परतले. कोळणीला जमिनीतून वर काढलं तेव्हा शेकडो लोकांनी तक्रार केली, मावशीला परत खाली घाला. तीनशे चुका मिटल्यावर प्रीतीने राजीनामा दिला. साईनाथ सरांनी थांब म्हणून विनवलं, आणि जाताना तिचा पेन ड्राइव्ह तपासायला मागितला. तिने दिला.

आता ती डोंबिवलीत, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस आहे. सुदेश घोडबंदर रोडला दुसरीकडे लागला. गेल्या नवरात्रात त्यानेच फोन केला आणि दोघं टेंभी नाक्याला देवी बघायला गेली. रांगेत दीड तास उभी होती. त्याने लग्न ठरल्याचं सांगितलं, मुलीचं नाव रुचिता. प्रीतीला खरोखर आनंद झाला. बाहेर पडल्यावर दोघांनी उभ्या उभ्या भजी खाल्ली.

"राग गेला का रे?" तिने विचारलं.

"राग कधीच गेला." सुदेश कागदावर तेलाची बोटं पुसत होता. "पण एक सांगू? तुझ्याशी बोलताना मी आता प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघतो. हे तू कोणाला सांगितलंस तर कसं वाटेल, असं. आत्ताचं पण बघितलं."

प्रीतीने त्याच्या हातातला कागद घेऊन कचऱ्यात टाकला. गर्दीतून वाट काढत दोघं खोपटपर्यंत चालत गेली. त्याने तिला कल्याणच्या गाडीत बसवून दिलं आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी थांबला.