नळीकृमीचा लाल तुरा

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या वर्गातले सगळे जण माशांची पोटं फाडत होते. बोंबिलाच्या पोटात काय सापडतं, मांदेलीच्या पोटात काय सापडतं, यावर प्रबंध लिहायचा आणि पास व्हायचं, अशी आमच्या प्राणिशास्त्र विभागाची वर्षानुवर्षांची रीत होती. रीत चांगली होती. वर्सोव्याच्या बंदरावर मासळी ताजी मिळे, प्रयोग झाल्यावर उरलेली कुणी ना कुणी घरी नेई. मी मात्र पोटच नसलेल्या प्राण्याच्या मागे लागले.

हा प्राणी म्हणजे खोल समुद्राच्या तळावरच्या उष्ण झऱ्यांपाशी राहणारा नळीकृमी. समुद्राचा तळ जिथे फाटतो तिथून भयंकर तापलेलं, गंधकाच्या संयुगांनी भरलेलं पाणी धुरासारखं वर येतं. तिथे ऊन पोचत नाही, म्हणजे वनस्पती नाहीत. तरी त्या झऱ्यांभोवती प्राण्यांची दाटी असते, कारण तिथले जिवाणू त्या गंधकावरच अन्न तयार करतात. नळीकृमी माणसाच्या उंचीएवढे वाढतात. त्यांना तोंड नाही, जठर नाही, आतडं नाही. ते जिवाणूंना अंगात जागा देतात आणि जिवाणू त्यांना पोसतात. हे सगळं माणसाला कळून तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेखही नव्हता. मी एका जुन्या इंग्रजी मासिकात अर्धं पान वाचलं होतं, तेवढंच.

मी घरी सांगितलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती.

"समुद्राच्या तळाक गरम पाणी? वज्रेश्वरीसारखा?"

"त्याहून कितीतरी गरम. आणि तिथे राहणाऱ्या किड्याला ना तोंड, ना पोट."

"तोंड नाय, पोट नाय, मगे जगता कसा ता?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "माका असली पोरां व्हयी होती. रेशनच्या लायनीत उभ्या रवाची कटकट नाय."

माझे मार्गदर्शक सर आईइतकेच खूश झाले.

"अगं, समुद्राच्या तळाशी जाणार कोण? तू?"

"जायचं नाही सर. झालेलं संशोधन वाचून आढावा लिहायचा."

"वाचणार काय? आपल्या लायब्ररीत आहे काय?"

काहीच नव्हतं, हे मला माहीत होतं. सर कडक होते, पण आडमुठे नव्हते. त्यांनी अट घातली. गणपतीच्या सुट्टीआधी मुख्य शोधनिबंध त्यांच्या टेबलावर दिसले तर विषय माझा. नाही दिसले तर मुकाट्यानं मांदेली घ्यायची. आणि मांदेली इतक्या उशिरा सुरू केली तर नमुने गोळा करण्यात वर्ष हातचं जाणार, हेही त्यांनी सांगून टाकलं.

वर्ष जाणं मला परवडणारं नव्हतं. गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले होते. धाकट्या भावाचं डिप्लोमाचं शिक्षण पुढच्या जूनपासून सुरू व्हायचं होतं. बाबांनी सरळ सांगितलं होतं, "यंदा पूर्ण कर. नाहीतर आमच्या मॅनेजरनी पॅकिंग खात्यात जागा धरून ठेवलीय." ही धमकी नव्हती, व्यवस्था होती. बाबांना व्यवस्था करायला आवडे.

तेव्हा विषय बदलायचा आणि सुटायचं, हा शहाणपणाचा मार्ग होता. मी तो का घेतला नाही हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मांदेलीचा कंटाळा आला होता, एवढं खरं.

वर्सोव्याला मत्स्यशास्त्राची एक मोठी संस्था होती. तिच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिकं येतात असं ऐकून मी एका शनिवारी तिथे गेले. ग्रंथपाल बाई वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्याच. त्यांच्या घरी अजून होडी होती, आई बाजारात मासळी विकायला बसायची आणि त्या स्वतः चष्मा नाकावर ओढून सबंध ग्रंथालयाला धाकात ठेवायच्या. त्यांनी माझं पत्र वाचलं आणि परत माझ्याच हातात ठेवलं.

"बाहेरच्यांना पुस्तक घरी मिळत नाही."

"घरी नको. इथेच बसून वाचते."

"इथे बसून वाच. पण पंख्याखालची जागा आमच्या मुलांची."

मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. त्यांच्याकडे माझ्या विषयावरचे निबंध नव्हते, पण सारसूची होत्या. जगात कुठल्या विषयावर कुणी काय छापलं याचे ते जाडजूड खंड असतात, आणि ते कसे वाचायचे हे मला एमएस्सीपर्यंत कुणी शिकवलेलं नव्हतं. बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं. विषय कुठल्या शब्दाखाली शोधायचा, लेखकाचा पत्ता कुठे असतो, सगळं. मग खणातून छापील कार्डांचा गठ्ठा काढला.

"ही आमच्या जुन्या पत्त्याची उरलीत. पत्ता खोड, तुझ्या विभागाचा घाल आणि पाठव."

ही कार्डं त्या काळी संशोधनाच्या धंद्यातली फार मोठी सोय होती. "आपल्या अमुक निबंधाची प्रत पाठवाल का" एवढाच मजकूर. खाली सही करायची आणि परदेशी टपालात टाकायचं. ज्याला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, पाहण्याची शक्यता नाही, असा माणूस स्वतःच्या खर्चानं निबंधाची छापील प्रत तुम्हाला पाठवी. पाठवलीच पाहिजे असं त्याच्यावर बंधन नव्हतं. पण पाठवायची पद्धत होती, आणि लोक ती पाळत.

"किती दिवसांत येतात?" मी विचारलं.

"येतात तेव्हा येतात. विमानानं पाठवलं तर लवकर, बोटीनं पाठवलं तर तुझं लग्न होऊन मूल शाळेत जाईपर्यंत."

गणपती जवळ आले. एकाही कार्डाला उत्तर नव्हतं. मी स्टुलावर बसून सारसूचीतले सारांश वहीत उतरवत होते, पण सारांश म्हणजे जेवणाच्या ताटाचा फोटो. सरांना निबंध हवे होते. बाई दोन-तीन शनिवार माझं तोंड बघत होत्या. मग एकदा म्हणाल्या, "यादी दे." मी दिली. त्यांनी गोव्यातल्या समुद्रविज्ञान संस्थेच्या ग्रंथपालांना पत्र लिहिलं. त्यांची ओळख पत्रातूनच झालेली होती, एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात गोव्याहून मुंबईला येणाऱ्या कुणा शास्त्रज्ञाच्या हाती झेरॉक्सचा गठ्ठा आला.

मी तो सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी वरून खालपर्यंत चाळला.

"कुणी दिले?"

"वर्सोव्याच्या बाईंनी मागवून दिले."

"मग प्रबंध त्यांच्याच नावावर करूया का?" असं म्हणून त्यांनी विषयाच्या अर्जावर सही केली.

त्या झेरॉक्स म्हणजे तेव्हाच्या झेरॉक्स. अक्षरं वाचता येत, फोटो म्हणजे काळा डाग. त्या डागात पांढऱ्या नळ्या दिसत आणि नळ्यांच्या टोकाला राखाडी झुबके. या झुबक्याला तुरा म्हणतात. प्राणी त्यातूनच गंधक आणि प्राणवायू ओढून घेतो, म्हणजे त्याचं सगळं जगणं त्या तुऱ्यावर. मी हिवाळाभर लिहिलं. बाबांच्या कारखान्यातला टायपिस्ट जेवणाच्या सुट्टीत टाइप करून द्यायचा. त्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, तरी माझ्या तीन चुका त्यानं फक्त आधीचं पान आठवून पकडल्या. मी चित्रं स्वतः काढली. मुख्य चित्र नळीकृमींचं, प्रत्येक प्रतीत हातानं रंगवलेलं: काळं पाणी, पांढऱ्या नळ्या, राखाडी तुरे. तुऱ्यांची छटा मी फार कौशल्यानं साधली होती. आई म्हणाली, "राखुंडी लावलेल्या ब्रशासारखा दिसता." मला राग आला, पण दिसत होतं तसंच.

प्रबंध अंधेरीच्या एका बाइंडरकडे गेला. संस्थेची नियतकालिकंही तोच बांधायचा, बाईंनीच सुचवला होता.

आणि सादर करायच्या आदल्या दिवशी विभागात माझ्या नावाचं पाकीट आलं. बोटीनं आलेलं, कोपरे चुरगळलेले. पोस्टमनला वरची तिकिटं त्याच्या मुलीसाठी हवी होती, ती मी कापून दिली. आत एका अमेरिकन शास्त्रज्ञाचे सात-आठ निबंध होते. मी मागितला होता एक. सोबत दोन ओळींची चिठ्ठी, विषयासाठी शुभेच्छा, आणि पाणबुडीतून काढलेला एक रंगीत फोटो.

तुरे लाल होते. साधे लाल नाहीत, जास्वंदीसारखे लालभडक.

मी विभागाच्या पायरीवरच बसले. मूर्खपणा रंग न कळण्याचा नव्हता. या प्राण्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं आणि ते तुऱ्यात खेळतं, यावर मी दीड पान लिहिलं होतं. चित्राच्या अगदी समोरचं पान! हिमोग्लोबिन म्हटलं की लाल, हे शाळेतलं पोरगं सांगेल. पण मी सगळं झेरॉक्सवरून शिकले होते आणि झेरॉक्समध्ये रक्तही राखाडी असतं. सरांनीही त्याच झेरॉक्स वाचल्या होत्या, त्यांनाही खटकलं नाही. बाहेरून येणारे परीक्षक मात्र आधी चित्रं बघतात अशी त्यांची ख्याती होती.

मी बाइंडरकडे पळाले. प्रती शिकंज्यात दाबलेल्या होत्या.

"पान काढता येईल का?"

"कव्हर चढलं ना ताई. आता पान काढलं तर समोरचं पण सुटणार. वाट लागेल."

नियतकालिकांचा गठ्ठा घ्यायला बाई तिथे आल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला, माझं चित्र पाहिलं, आणि इतका वेळ हसल्या की बाइंडरनं त्यांना पाणी आणून दिलं.

"बाई, हसताय काय! फाडू का पान?"

"माझ्यासमोर पुस्तकाचं पान फाडायचं नाही. रंग घेऊन ये, जा."

मी समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून पोस्टर कलरची लाल बाटली आणली. बाईंनी प्रत उघडी धरली, मी तुरे रंगवले. एक प्रत झाली की बाइंडर ती टेबलफॅनपुढे धरायचा. हा माणूस आमचं काम संपेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकांना "थांबा, इथे रक्त भरायचं काम चाललंय" असं सांगत होता. शेवटची प्रत घाईत मिटली गेली. उघडून पाहिली तर लाल ठसा समोरच्या पानावर उतरलेला. बाई म्हणाल्या, "राहू दे. ही प्रत तुझी स्वतःची."

पण दुसऱ्या दिवशी प्रतींची उलटापालट झाली आणि ठसा असलेली प्रत परीक्षकांच्या हातात गेली. तोंडी परीक्षेत त्यांनी ख्यातीप्रमाणे आधी चित्राचं पान उघडलं. मी सरांकडे पाहिलं, सर खिडकीबाहेर पाहत होते.

"तुरे लाल कशावरून?" परीक्षकांनी विचारलं.

मी फोटो पुढे केला आणि कारण सांगितलं. हिमोग्लोबिन काय करतं, गंधक आणि प्राणवायू एकाच वेळी कसं वाहून नेतं, सगळं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. त्यांनीही हा प्राणी रंगात कधी पाहिलेला नव्हता, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मग समोरच्या पानावरच्या ठशावर बोट ठेवलं.

"आणि हे?"

"तेही हिमोग्लोबिनच, सर. जरा जास्त वाहिलं."

ते हसले, मग सर हसले. मी पास झाले. पॅकिंग खात्यातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या शास्त्रज्ञांना मी आभाराचं पत्र पाठवलं, त्यांचं उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असंही मला वाटलं नाही. त्यांनी त्यांचं काम केलं होतं. आई, बाबा, तो टायपिस्ट, गोव्याचे न पाहिलेले ग्रंथपाल, बाइंडर, सगळ्यांनी आपापलं काम करता करता माझं वर्ष वाचवलं होतं. बाईंना मी पेढे नेले. त्यांनी पेढे ठेवून घेतले आणि म्हणाल्या, "प्रत कुठाय?" मी परीक्षकांकडून परत आलेली, ठसा असलेली प्रत दिली. त्यांनी तिच्यावर दाखल क्रमांक घातला. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांवरचं त्या ग्रंथालयातलं ते पहिलं पुस्तक.

ऐंशीचं दशक संपता संपता मी मुलुंडच्या एका कॉलेजात शिकवायला लागले होते. विभागात मला एक लोखंडी कपाट मिळालं होतं आणि त्यात मी कार्डं पाठवून जमवलेले निबंध होते. एक दिवस दुसऱ्या कॉलेजातली एक मुलगी विचारत विचारत आली. तिच्या हातात झेरॉक्सचे कागद होते. वर्सोव्याच्या बाईंनी पाठवलं, म्हणाली. बघते तर माझाच प्रबंध, माझंच चित्र.

"मॅडम, एक शंका होती. या प्राण्याचा तुरा काळा का असतो?"

माझा लाल रंग झेरॉक्समध्ये काळाकुट्ट उतरला होता. समोरच्या पानावरचा ठसाही तिनं प्रामाणिकपणे आपल्या वहीत काढून घेतला होता.

मी कपाट उघडलं आणि तो फोटो तिच्या हातात दिला.

"लाल असतो," म्हटलं. "घरी नेता येणार नाही, झेरॉक्स काढायची नाही. इथे बसून बघ. पंख्याखाली बस."