शेजारच्या सीटवरची नीला

नीला गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, आणि "मेडनहेडच्या आपल्या भगिनींना स्वावलंबी करणारी ताई" असं लिहिणारा पहिला माणूस कोण, तर मृणालचा नवरा. मी फोन सोफ्यावर आपटला.

माझी मैत्रीण नीला ड्रायव्हिंग शिकवायची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे इंग्लंडमध्ये आलेल्या आणि बसच्या वेळा सांभाळत जगणाऱ्या आपल्या कितीतरी मुलींना तिने गाडी शिकवली. नियम एकच. कोण कितपत शिकलं, हे फक्त शिकणारीलाच सांगायचं. फी नवरा भरत असला तरी त्याला नाही. मृणालही तिच्याकडेच शिकत होती; तिची टेस्ट जवळ आली तेव्हा तिच्या नवऱ्याचा फोन आला. नीला पोळ्या करत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता आणि मी समोरच बसले होते.

"ताई, तिला सांगा ना, यू आर नॉट रेडी येट. बाळ लहान आहे, आत्ता हे हेडेक नकोय मला..."

"ती रेडी आहे. खोटं सांगायचे मी पैसे घेत नाही," नीला म्हणाली आणि तिने पोळी उलटली.

मृणाल पास झाली. मग हे गृहस्थ एकेकाच्या कानाला लागले. बाई मुद्दाम लेसन्स वाढवतात, बायकांना फूस लावतात. आणि आपली शिकलीसवरलेली माणसं... एकानेही नीलाला विचारलं नाही. लेसन्स रद्द होत गेले.

"ग्रुपवर खरं काय ते लिही," मी तिच्याशी भांडले.

"मृणालच्या घरातलं चावडीवर मांडू? मग माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?"

"आत्ता तरी कोण ठेवतंय?"

तिने शेवटपर्यंत काही लिहिलं नाही. शेवटचं वर्ष तिने सुपरमार्केटच्या टिलवर बिलं करत काढलं.

शोकसभेला मृणाल एकटीच गाडी चालवत आली. नीलाताईंनी शिकवणं का सोडलं, असं तिने विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लिहा मावशी. माझं नाव घालून लिहा."

नीलाची गाडी अजून तिच्या दारात उभी आहे. परवा मी तिच्या सीटवर बसले. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्याचं रबर जवळजवळ नवं आहे. एवढ्या नवशिक्यांना तिने राउंडअबाउटवर नेलं, पण तो ब्रेक तिने क्वचितच दाबला. तिला मात्र आपण एका माणसाच्या कुजबुजीवर थांबवलं.