अभिनंदनाच्या ठरावातली दुरुस्ती

जळकोटच्या एसटी स्टँडवर अप्पा मला सोडायला आले होते. एप्रिल महिना, पाणपोईतले माठ उपडे घातलेले. दिसेल तो ओळखीचा माणूस विचारत होता, "पाण्यापायी चाललीस व्हय?" मी म्हणत होते, "हाव." अगदीच खोटं नव्हतं ते. लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं होतं, वसतिगृहं रिकामी झाली होती. मी डीएमएलटी करून रक्त-लघवी तपासायला शिकले होते आणि परळच्या एका लॅबने मला बोलावलं होतं. लातूर स्टेशनात ज्या रुळांवरून पाणी आत आलं, त्याच रुळांवरून मी बाहेर पडले.

पण खरं कारण दुसरंच होतं. निलंग्याचं एक स्थळ माझ्यासाठी पक्कं झालं होतं. चांगले लोक, उसाची शेती, मुलगा शिक्षक. लग्नाला टँकर मिळेना म्हणून दोन्हीकडच्यांनी ठरवलं, पाऊस पडल्यावर बघू. सगळा जिल्हा आभाळाकडे हात जोडून उभा असताना, देवा मला माफ कर, मी एकटी मनात म्हणत होते की अजून थोडं थांब. मला मुली आवडतात हे मला अकरावीपासून माहीत होतं. आमच्याकडे या गोष्टीला शिव्या होत्या, नाव नव्हतं. पुढे पाऊस पडला, मी परत गेले नाही आणि निलंगेकरांनी दुसरी सून आणली. अव्वा, म्हणजे माझी आई, वर्षभर फोनवर नुसती रडायची. अप्पा एवढंच म्हणाले, "शिकलेली पोरगी हाय, तिचं तिला कळतं."

अप्पांना दोन व्यवसाय. पोटाचा म्हणजे लोखंडी सामानाचं दुकान. जिवाचा म्हणजे नवा जिल्हा. लातूर जिल्हा झाला तेव्हा ते पोरसवदा होते, जळकोट तालुका झाला तेव्हा पुढे होते, आणि आता उदगीर जिल्हा व्हावा म्हणून त्यांनी निम्मं आयुष्य घातलंय. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांच्या समितीची बैठक भरते. ठराववही अप्पांच्या ताब्यात. सूचक, अनुमोदक, खाली सह्या, सगळं कसं कलेक्टर कचेरीसारखं. लोक हसायचे, म्हणायचे, अप्पा, जिल्हा होऊन काय मिळणार हाय? त्यावर त्यांचं उत्तर मला पाठ आहे: "जमीन हाय तीच, मानसं हायत तीच. आमी फकस्त नाव मागून राहिलो."

मुंबईत पहिल्या वर्षी मी प्राइड परेड समोरच्या फुटपाथवरून पाहिली, भाजी घ्यायला निघाल्यासारखी, हातात पिशवी घेऊन. काय सांगू तुम्हाला! ढोलपथक होतं, नऊवारी नेसलेल्या तृतीयपंथी मावश्या होत्या, व्हीलचेअरवर बसून नाचणारी एक बाई होती. 'माझा मुलगा गे आहे आणि तो माझ्या हातचंच जेवतो' असा बोर्ड धरून चालणारी एक आई होती. केस पिकलेले दोन पुरुष एकमेकांचा हात धरून, बाजाराला निघाल्यासारखे सावकाश चालले होते. तो लांबलचक सप्तरंगी झेंडा तर शंभर जणांनी कडेनं धरला होता, आभाळ भरून आलं की सोयाबीनच्या राशीवर आमच्याकडे ताडपत्री धरतात तसा. बंदोबस्ताची एक कॉन्स्टेबल गालातल्या गालात हसत होती. मी भाजी न घेताच खोलीवर आले आणि पोटभर रडले. आनंदानेच.

दुसऱ्या वर्षी कागदी मुखवटा लावून चालले. तिथेच सुचिता भेटली. ती कुडाळची, पावसाला कंटाळलेली. नळ उघडा ठेवून भांडी घासते म्हणून आमचं अजूनही वाजतं. आता आमचं वन-रूम-किचन आहे, ईएमआयवर घेतलेला फ्रिज आहे आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही 'त्या दोघी बहिणी' आहोत.

चौथ्या वर्षी मुखवटा काढला. तिथले बोर्ड बहुतेक इंग्रजीत, म्हणून मी घरीच पुठ्ठ्यावर मराठीत लिहिलं: 'आमचं आम्हाला द्या!' कुणीतरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत जळकोटला पोचला.

रविवारी सकाळी अप्पांचा फोन आला.

"लीला! मुंबईत मोर्चा काढलीस आन् बापाला सांगितलं न्हाईस?"

मी हातानेच सुचिताला जवळ बोलावलं.

"आन् तो झेंडा! भगवा हाय, हिरवा हाय, निळा हाय. समदे पक्ष एका काठीला बांधलीस की गं! आमाला ईस वर्सांत जमलं न्हाई."

फोटोतला माझा बोर्ड वाचून अप्पांना वाटलं होतं, मी उदगीर जिल्ह्यासाठी सर्वपक्षीय मोर्चा काढला. ते बाजारभर सांगून आले होते. एवढ्यावर थांबले असते तर ते अप्पा कसले? शनिवारच्या बैठकीत त्यांनी ठरावही करून घेतला होता. त्यांनी तो मला वाचून दाखवला: "जिल्ह्याच्या मागणीसाठी मुंबई येथे मोर्चा काढल्याबद्दल कु. शिवलीला हिचे ही सभा हार्दिक अभिनंदन करीत आहे." आवाज भरून आला होता त्यांचा. मग नेहमीप्रमाणे कामाचं बोलले, "निवेदन कुणाला दिलीस?"

सुचिता समोर उभी राहून मानेने नको नको म्हणत होती. गप्प बसले असते तर आयुष्यभर खपून गेलं असतं. पण दुसऱ्याच कशाबद्दल झालेलं कौतुक मला घशाखाली उतरेना.

"अप्पा, तो मोर्चा जिल्ह्यासाठी नव्हता. माझ्यासाठी होता." आणि मग सगळं सांगितलं. निलंग्याचं, सुचिताचं, सगळं. किती वेळ बोलले कोण जाणे. शेवटी पलीकडून एवढंच आलं, "बरं." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर सात आठवडे अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. अव्वा सांगायची, दुकानात बसतात, जेवतात, ठराववही उघडतात आणि मिटतात. बैठकीच्या तारखा पुढे ढकलतात. मला कळत होतं. बाजारभर सांगितलेलं आता परत कसं घ्यायचं? ठराव रद्द केला तर मला घराबाहेर काढल्यासारखं, आणि तसाच ठेवला तर वहीत खोटं. अप्पांच्या वहीत आजवर खोटी ओळ नव्हती.

मग एका सोमवारी अव्वाचा फोन आला. बैठक झाली होती. अप्पांनी उभं राहून जे होतं ते सांगितलं, माझ्याच शब्दांत. एक जण म्हणाला, "आसं हाय तर ठराव रद्द करा, गुमान मिटवा." अप्पा म्हणाले, "अभिनंदन राहील. कारन चुकलंय, तेवढं दुरुस्त करा. सूचक मी. अनुमोदन कोन देतंय?"

दोघं चपला घालून निघून गेले. बाकीचे जमिनीकडे बघत बसले. तेवढ्यात अव्वा चहा घेऊन आत आली होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"मी देते."

"वैनी, तुमी सभासद न्हाईत."

"ईस वर्सं चहा पाजून राहिले तुमाला. मी सभासद न्हाई, तर कोन हाय?"

हे सांगताना अव्वा फोनवर हसली, आणि मग कितीतरी वेळ रडली. पाठोपाठ अप्पांनी त्या पानाचा फोटो पाठवला, एका शब्दाशिवाय. 'जिल्ह्याच्या मागणीसाठी' यावर एकच सरळ रेघ, खाली अक्षरं वाचता यावीत अशी. वर त्यांच्या हाताने लिहिलेलं: 'स्वतःच्या नावासाठी'. सूचक म्हणून अप्पांची सही. अनुमोदक म्हणून अव्वाची, साक्षरता वर्गात शिकलेली, प्रत्येक अक्षर सुटं. खाली आणखी तीन सह्या. अकरा सभासदांपैकी तीन.

औशाच्या, निलंग्याच्या, उदगीरच्या ज्या मुली हे वाचत असतील त्यांना मी थाप मारणार नाही. बैठकीतून उठून गेलेले ते दोघं आजही आमच्या दुकानात पाय ठेवत नाहीत. अप्पा सुचिताशी फोनवर बोलतात, पण तिकडे पाऊस कसा आहे याच्या पुढे गाडी जात नाही. परेडला या म्हटलं तर म्हणतात, "आधी निवेदन लिव्हायला शिका." शिकतोय आम्ही. त्यांनी मसुदा पाठवलाय.

मी जळकोट सोडलं तेव्हा गावाला खोटं कारण देऊन निघाले होते, आणि इतकी वर्षं घर म्हणजे जिथे ते खोटं सांभाळावं लागतं ती जागा, असंच मला वाटायचं. आता घर म्हणजे लोखंडाच्या दुकानामागची ती खोली आहे, जिथे माझ्या आईबापांनी माझं खरं कारण वहीत लिहून खाली सह्या केल्या.