मालकी नको म्हणणारा जीवन

सोमवारनंतर जीवन राहणार कुठे, हे माझ्या डोक्यातून जात नाही. माझा मुलगा कॉलेजात तासिकेवर तत्त्वज्ञान शिकवतो आणि गावातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर राहतो. ते घर सोमवारी बिल्डर पाडणार आहे. लाइट जाणार असल्यासारखं त्यानं मला ते फोनवर सांगितलं.

हे वारले तेव्हा जीवन बी.ए.ला होता. एम.ए.ला त्याला ऑकहमचा विल्यम भेटला. सातशे वर्षांपूर्वीचा, भिक्षेवर जगणारा ख्रिस्ती संन्यासी. मालक न होताही वस्तू वापरता येते, यावरून तो थेट पोपशी भांडला आणि परमुलखात मेला. जीवन जेवताना विचारायचा, "आई, भाकरी खायला ती मालकीची कशाला लागते?"

"नाही लागत. पण थापायला कोणीतरी लागतं."

मी राहते तो खांदा कॉलनीतला फ्लॅट त्याच्या नावावर करते म्हणाले, तर तो कपडे घेऊन गावात राहायला गेला.

मग २०११ साली, सरकारनं घेतलेल्या शेतीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला. माझे दीर दयाराम हक्कसोडीचा कागद घेऊन आले. प्लॉट आणि घर, दोन्हींतला जीवनचा हिस्सा त्यांच्या नावे. आमच्यात हक्कसोड लेकी करतात, भावांसाठी. मीही माहेरी केली, साडी मिळाली, शहाणी म्हणवून घेतलं. मुलानं केलेली कोणी पाहिली नव्हती. रजिस्ट्रार ऑफिसातल्या कारकुनानं विचारलं, "सही करणारी बहीण कुठाय?"

"ही काय, दाढीवाली!" दयाराम भावोजी म्हणाले. सगळे हसले. जीवनही हसला.

गावात त्याला टॉवेल-टोपी दिली. "खरा साधू हाय आमचा जीवन," भावोजी चार लोकांत म्हणाले. "तू कवापन रहा रं. घर तुजंच हाय."

आता बिल्डर आला. मी जीवनला म्हटलं, काकांना त्यांचा शब्द आठवून दे. तर म्हणतो, "त्यांनी वापरायला दिलं होतं, आता परत घेतलं. यात चूक काय?" विल्यमला निदान एका राजानं आसरा दिला. माझ्या मुलाला पोप घरातलाच मिळाला, आणि राजा कोणी नाही.

काल भावोजी माझ्याकडे आले. घरात माझा, विधवेचा, हिस्सा अजून शिल्लक आहे.

"वैनी, आता तुमची तेवडी सही. पोरानं दिली, तुमाला काय करायचंय?"

मी चहा दिला, बोलले काही नाही. त्यांनी तो होकार धरला. उद्या सकाळी कागद घेऊन येणार आहेत. आज संध्याकाळी जीवनचा फोन आला: "देऊन टाक आई, मोकळी हो." माझ्या मुलाला माझ्याविषयी वाटणारी काळजी ती एवढीच. दुपारी वकिलाला विचारून आले होते, हे मी त्याला सांगितलं नाही. माझ्या सहीशिवाय घराला हात लावता येत नाही.

जीवन चिडेल. महिनाभर बोलणार नाही. तसाही कुठे बोलतो? पण त्याच्या डोक्यावर छप्पर राहील, मग त्याला तो वापर म्हणो नाहीतर भिक्षा.

सकाळी भावोजी दारात उभे राहिले, की मी पुन्हा चहा ठेवीन आणि गप्प बसेन. मी स्वतःला ओळखते. म्हणून आत्ताच त्यांना फोन लावते. झोपले असतील तर उठतील.