पहिल्या जाळ्याचा मान

ब्लाऊज शिवताना टोपलीत चिंध्या साठतात. टाकवत नाहीत आणि कुणी मागतही नाही. आमच्या पाणमांजर बचाव समितीचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. परवा शेजारणीला त्यातला एक सांगायला बसले, तर फॉल-पिकोला आलेल्या बायकाही ऐकत बसल्या आणि माझ्या हातून एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या! तेव्हा ठरवलं, आता हे लिहून टाकलेलं बरं.

आधी थोडं सांगते. आमचं गाव कृष्णाकाठी, सांगलीच्या वरच्या अंगाला. गावचा ओढा नदीला मिळतो तिथे मोठा डोह आहे. डोहाच्या खडकांत पाणमांजरं राहतात. नाव मांजराचं, पण जनावर चांगलं कुत्र्याएवढं. लांब अंग, जाड शेपटी, मिशा आणि सगळं लक्ष माशांवर. पावसाळ्यात मासे अंडी घालायला नदीतून ओढ्यात चढतात. हे चढणीचे मासे. चढण फार तर महिनाभर चालते. पोटात अंड्यांची गाभोळी असते म्हणून खायला गोड, आणि म्हणूनच सगळं गाव ओढ्याच्या तोंडाला जाळी लावतं. मग मासा वर पोचत नाही, अंडी पडत नाहीत, पुढच्या वर्षी डोहात मासा कमी. मासा कमी झाला की पाणमांजर उपाशी. पूर्वी धुणं धुताना त्यांचे कळपच्या कळप दिसायचे. गेल्या हिवाळ्यात एक मादी आणि तिची दोन पिल्लं, एवढंच उरलेलं दिसलं. मला फार वाईट वाटलं. गावालाही वाटलं असावं, कारण लगेच समिती स्थापन झाली.

*

पहिली मीटिंग देवळात. अध्यक्ष सुभेदार आबा. आबा मिलिटरीतून रिटायर झालेत, मिलिटरी अजून आबांतून रिटायर व्हायचीय. उपाध्यक्ष बबनराव. मग कार्याध्यक्ष, सहकार्याध्यक्ष, सल्लागार, मुख्य सल्लागार, निमंत्रक. महिला प्रतिनिधी म्हणून पारूअक्का. ही आबांची थोरली चुलत बहीण. अख्ख्या गावात आबांना अरेतुरे करायची हिंमत तिच्या एकटीची.

पदं वाटून संपली तेव्हा लक्षात आलं, साधा सभासद कुणी उरलाच नाही.

"मग काम कोन करनार रं?" पारूअक्काने विचारलं.

आबांनी चौफेर नजर फिरवली. मी चहाचे कप गोळा करत होते.

"ही काय, सुमन! हिला सचिव करा!"

पाणमांजराचा विषय वेळेअभावी पुढच्या मीटिंगला ठेवला.

*

पुढच्या मीटिंगला फ्लेक्सचा विषय निघाला, कारण फ्लेक्सशिवाय कुठलाही प्राणी वाचत नाही. सांगलीहून छापून आला. समितीतल्या सगळ्यांचे फोटो होते, आबांचा सगळ्यात मोठा, गॉगलसह. पाणमांजर खालच्या कोपऱ्यात, तिकिटाएवढं. मी चष्मा लावून पाहिलं, तर ते मुंगूस!

"बबनराव, हे मुंगूस आहे हो!"

"वैनी, शेपटी हाय न्हवं? मिशा हायत न्हवं? मग झालं की!"

फ्लेक्स चौकात लागला. दुसऱ्या दिवशी वाईहून एस.टी.ने आलेले आबांचे एक जुने मित्र चौकातच उतरले, फ्लेक्स बघितला आणि पेढे घेऊन आबांच्या घरी गेले. म्हणाले, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, सुभेदार!"

आबांनी पेढे घेतले. शुभेच्छाही घेतल्या.

*

मग कुणीतरी म्हणालं, आधी अभ्यास पाहिजे. अभ्यास दौरा ठरला. जीप भरली आणि निघाली औंधला.

औंधला पाणमांजर नाही. ओढा आहे, तो बहुतेक कोरडाच. यमाईदेवी मात्र आहे, आणि बबनरावांच्या घरचा नवस फेडायचा राहिला होता. डोंगर चढलो, दर्शन घेतलं, पुरणपोळी खाल्ली, संध्याकाळी परत.

मी सचिव, अहवाल मला लिहायचा. दौऱ्यातून काय समजलं ते एका ओळीत सांगा, असं मी विचारलं. आबा विचारात पडले. मग गंभीरपणे म्हणाले, "लिव्ह. डोंगरावर पानमांजार आढळत न्हाई."

लिहिलं. खोटं तर नव्हतं!

*

पुण्याहून एक मॅडम व्याख्यानाला आल्या. बिचाऱ्या स्वतःचा प्रोजेक्टर घेऊन आल्या होत्या. त्यांनी भिंतीवर एका लांबच्या थंड समुद्राची चित्रं दाखवली. तिथे किलर व्हेल नावाचा अवाढव्य काळापांढरा प्राणी असतो. त्यातलं एक घराणं सालमन नावाच्या माशावरच जगतं. सालमनसुद्धा आपल्या चढणीच्या माशांसारखाच, नदीत वर चढून अंडी घालतो. नद्या अडवल्या, मासेमारी वाढली, सालमन घटला आणि ही जनावरं उपाशी पडायला लागली. आता तिथली माणसं आधी मासा वाचवायला धडपडताहेत. मासा राहिला तरच व्हेल राहील.

"समोर दुसरं खाणं असलं तरी ती सहसा खात नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पिढ्यान्‌पिढ्यांची सवय."

"म्हंजी आमच्या आबाचंच घरानं म्हना की!" पारूअक्का म्हणाली. "ताटात वांगं दिसलं की ताट सरकवतंय!"

व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या. मॅडमचं जेवण आबांच्या घरी. पाहुणीला साधं कसं वाढायचं? मासे केले. मॅडमनी एक घास खाल्ला आणि आवडीनं विचारलं, "छान झालेत. कुठले मासे?"

आबांची छाती फुगली. "आपल्याच डोहातलं! आजच काडल्यात. घ्या अजून, लाजू नगा!"

मॅडमचा दुसरा घास ताटातच राहिला. आबा आम्हाला म्हणाले, "शेरातली मानसं. खात्यातच कमी!"

*

यानंतर डोहात मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम. म्हणजे बोटाच्या पेराएवढी माशांची पिल्लं. एकच पिशवी आली होती आणि फोटो मात्र प्रत्येकाला स्वतःच्या हाताने सोडतानाचा हवा होता. आता?

बबनरावांचं डोकं अशा वेळी फार चालतं. माझ्या घरून मच्छरदाणी मागवली, चार हात अंतरावर पाण्यात ताणून धरली. आबांनी पिल्लं सोडली, फोटो. मच्छरदाणीत धरली, पिशवीत भरली. बबनरावांनी सोडली, फोटो. पुन्हा धरली. कार्याध्यक्ष, सहकार्याध्यक्ष, सल्लागार…

मुख्य सल्लागारांची पाळी आली तेव्हा पिल्लं उताणी तरंगायला लागली होती.

"मरगळल्यात वाटतं," मुख्य सल्लागार म्हणाले.

पारूअक्का काठावरून ओरडली, "मरगळत्यात न्हाई तर काय! समद्या गावानं धरून सोडल्यावर तू तरी उभा राहिला असतास का रं?"

*

मग मीच हट्ट धरला, की निदान ओढ्याच्या तोंडाला एक पाटी लावा. कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी पाटी करून आणली. 'चढणीचे मासे धरू नका. पाणमांजरांचे अन्न आहे.' दोन भक्कम पाइपांवर, सिमेंटमध्ये गाडून. मला फार समाधान वाटलं.

आठवड्याने धुणं घेऊन गेले, तर एका पाइपाला जाळ्याची दोरी बांधलेली. दुसऱ्या पाइपाला दुसरी दोरी. मध्ये जाळं, वर पाटी! जाळ्याशेजारी बबनराव.

"बबनराव, अहो, हे काय?"

"वैनी, लय ब्येस काम केलंसा! बांबू दरसाल मोडत व्हता. आता गंज चडंपतुर चिंता न्हाई!"

*

घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. त्या दिवशी मादी पिल्लांना घेऊन खडकावर बसलेली पाहिली होती. पिल्लं तिच्या तोंडाशी लागत होती आणि तिच्या तोंडात काही नव्हतं. आषाढ जवळ आला होता. यंदा मासा वर चढू दिला नाही, तर ही तिघं पुढच्या वर्षी दिसणार नाहीत, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमध्ये उभी राहिले. म्हटलं, "चढणीच्या दिवसांत ओढ्याला एकही जाळं नको. ठराव करा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आबा म्हणाले, "मंजूर! फकस्त आमचं पयलं जाळं लागंल. त्यो आमच्या घरान्याचा मान हाय. आज्या-पंज्यापास्नं."

"मग दुसऱ्या जाळ्याचा मान आमचा," बबनराव म्हणाले.

मग तिसऱ्याचा मान निघाला. नारळ फोडणाऱ्याचा निघाला. हलगी वाजवणाऱ्याचा निघाला. एकाच्या आजोबांनी एकदा जाळं उसनं दिलं होतं, त्याचाही मान निघाला!

शेवटी ठराव असा झाला: ज्यांचा मान नाही, त्यांनी जाळं लावू नये. सर्वानुमते मंजूर. गावात मान नसलेलं एकच घर निघालं, आमचं. आम्ही लग्नानंतर इथे राहायला आलेली माणसं. आणि आम्ही माळकरी!

*

आषाढ लागला. ओढा भरून वाहायला लागला आणि एका सकाळी हलगी कडाडली. मासा चढायला लागला!

मी शिलाई तशीच टाकून गेले. काय करणार होते कुणास ठाऊक. सगळं गाव बांधावर. आबांच्या धाकट्या लेकीचं लग्न या उन्हाळ्यात झालेलं, जावयाचा हा पहिलाच आखाड. पहिलं जाळं यंदा जावयाच्या हातून पडणार होतं. जावईबापू पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खांद्यावर जाळं घेऊन उभे. मागे बबनराव, त्यांच्या मागे बाकीचे, जो तो मानाप्रमाणे रांगेत. एकदा चढण लागली की पहिलं जाळं पडल्याशिवाय दुसऱ्याने टाकायचं नाही, ही आमच्या ओढ्याची रीत. कितीही भांडणं झाली तरी ती आजवर कुणी मोडलेली नाही.

नारळ फुटला. जावईबापू पाण्यात उतरले. आणि जाळं टाकायच्या जागेवरच, ओढ्याच्या अगदी तोंडातल्या धोंडीवर, ती मादी वर आली. तोंडात हाताएवढा मासा. मागून दोन्ही पिल्लं. माणसांकडे तिने पाहिलं, पण हलली नाही. उपाशी जीव कशाला हलतोय! तिथेच बसून मासा फोडायला लागली. कडाकडा आवाज बांधापर्यंत येत होता. पिल्लं तिच्या अंगावरून चढून तुकडे ओढत होती.

हलगी आपोआप थांबली.

"आबा, धोंडा मारून हाकलू का?" बबनरावांनी हळूच विचारलं.

"मारून बग," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण बबनरावांच्या हातातला धोंडा खाली पडला.

जावईबापू अवघडले होते. "मामा, टाकू का जाळं? समदी खोळंबल्याती."

आबा धोंडीकडे बघत राहिले.

"थांबा, जावईबापू. बाळंतीन जेवतीया."

जावईबापू जाळं घेऊन पाण्यातून बाहेर आले. मासा पायाखालून सळसळत वर चालला होता, डोळ्यांदेखत, थवेच्या थवे. शेवटी बबनरावांना राहवेना.

"आवं आबा, पन मग आमी कवा लावायचं?"

"माज्या मागनं. रीत हाय."

"आन तुमी कवा लावनार?"

"बाळंतीन उठल्यावर."

"आवं, पर ती उठायची कवा?"

आबांनी बबनरावांकडे वळून पाहिलं.

"तुज्या घरात कवा उठती रं? सव्वा म्हैन्यानं!"