पिवळी सूचना

"काढ ते! उद्या बंद पडलं तं?" राइस मिलचे शेठ असे गरजले की कोसोदूर आमगावची कबुतरं उडाली. उकड्या धानाचा वास आला की तो दिवस आठवतो. ट्रॅक्टरांना नंबर देणाऱ्या माझ्या प्रोग्राममध्ये मी प्रोग्रामिंगच्या भाषेतली नवी, प्रायोगिक सोय ओळीओळीत वापरली होती आणि पडद्यावर पिवळी सूचना झळकत होती: 'ही सोय कधीही काढून टाकली जाईल.' बाहेर रांग थेट शेजारच्या फुलचूर गावाला टेकलेली. मी छाती काढून म्हणालो, "नाही काढत, शेठजी! कामावरून काढा पायजे तं. तुमी नाही का यंदा नवं बियाणं लावले?" त्यांचं उत्तर मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "एका बांधीत, एवढ्याशा तुकड्यात लावलो, बाबू. तू साऱ्या वावरात लावला."