गुपचूप बस

शाळेतून आल्यावर ताई चपला काढते, खांद्याची पिशवी काढते आणि मग घसाही काढून ठेवल्यासारखी कितीतरी वेळ बोलत नाही. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट दाखवते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते आणि दुसरीच्या वर्गाला शिकवते.

"तुझं बरं आहे गं," मी तिला मागे एकदा म्हणाले होते. "मुलं खेळतात आणि तू बघतेस."

"ये की एक दिवस. येताना डोकेदुखीच्या गोळ्या आण. मलाही लागतील."

खेळातून शिकवणारी बाई म्हटल्यावर गाणी म्हणणारी, टाळ्या वाजवणारी, हसरी बाई डोळ्यांसमोर येते. ताई तशी नाही. लहानपणीसुद्धा आम्ही अंगणात धावायचो तेव्हा ही पायरीवर बसून कोण आऊट झालं ते सांगायची. वर्गात खेळ आणले तेही दमल्यामुळे. एका वर्षी ती लांबलचक तापातून उठली होती, फळ्यापाशी उभं राहवत नव्हतं. बसल्या जागेवरून शिकवता येईल असं काहीतरी हवं म्हणून बाटल्यांची झाकणं गोळा केली आणि मुलांना त्यांचे दहा-दहाचे ढीग करायला लावले. मुलं शिकली. बसायला मात्र तिला तेव्हापासून मिळालेलं नाही.

या वर्षीचा खेळ बसचा. फरशीवर खडूनं चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात आकडा. कंडक्टर झालेलं मूल आकडा पुकारणार, प्रवाशानं ती जागा शोधून बसायचं. चुकलं की सगळी बस ओरडणार. शेजारी तिसरीचा वर्ग. तिथल्या बाईंचा सगळा कारभार 'हाताची घडी, तोंडावर बोट' असा. त्यांनी तक्रार केली. मुख्याध्यापकांनी ताईला बोलावून सांगितलं, "खेळ चालू ठेवा, पण आवाज बंद करा."

"म्हणजे स्वयंपाक करा, पण गॅस पेटवू नका," ताई घरी येऊन म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

मला तेव्हा तिच्या गॅसचं काही पडलेलं नव्हतं. माझी लेक चिमी तिच्याच वर्गात. घरी कान किटवणारी ही पोर शाळेत तोंड उघडत नाही. उत्तर येत असतं, पण ओठ मिटलेले. मुख्याध्यापक मला म्हणाले होते, तोंडी परीक्षेत काही बोलली नाही तर पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल. माझी झोप उडाली होती. रोज संध्याकाळी तिला समोर बसवून प्रश्न विचारायचे, आणि ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच नापास झाले आहे.

"तू तिची मावशी ना?" मी ताईला म्हणाले. "टाक की चार गुण पदरात."

"शाळेत मी बाई आहे. आणि परीक्षा सर घेणार आहेत." मग डोळे मिटूनच, "तिला छळू नकोस गं. मीही दमलेय, तीही दमलीय."

आवाज बंद करायचा तर ताईनं कंडक्टरचं पुकारणंच काढून टाकलं. आता कंडक्टर प्रवाशाच्या खांद्यावर थोपटणार ते दशक, तळहातावर टिचक्या मारणार ते एकक. ज्याच्या तोंडून आवाज निघेल त्यानं बसमधून उतरून कोपऱ्यातल्या चटईवर बसायचं. ती चटई म्हणजे थांबा. कंडक्टर परत घ्यायला येईपर्यंत तिथून हलायचं नाही. सगळेच गप्प, तेव्हा चिमीचं गप्प असणं कुणाच्या लक्षातही येईना.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गाबाहेरच्या बाकावर बसले होते. खिडकीतून सगळं दिसत होतं. मुख्याध्यापक आत शिरले आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे वा, आज काय चाललंय?"

सगळ्या वर्गानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सरांनी ताईकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. सर हसत हसत, गुडघे सांभाळत चटईवर जाऊन बसले आणि थापा-टिचक्या मोजून दोन-तीन प्रवासी कसे जागा शोधतात ते बघू लागले.

कंडक्टर चिमी होती. ताईची जुनी पर्स गळ्यात अडकवून ती त्यांच्यासमोर उभी राहिली. खांद्यावर चार थापा, तळहातावर सात टिचक्या. सर उठले आणि चौऱ्याहत्तरवर जाऊन ऐटीत बसले. हसलं तर उतरावं लागेल, म्हणून एका मुलानं शर्टाची कॉलर तोंडात कोंबली. चिमीनं सरांचं बोट धरून त्यांना पुन्हा थांब्यावर आणलं. पुन्हा थोपटलं, या वेळी सावकाश. सर आता तिच्या हाताकडे नीट बघत होते. सत्तेचाळीसच्या चौकोनात बसल्यावर तिनं त्यांना कागदाचं तिकीट फाडून दिलं.

बाहेर आल्यावर ते ताईला म्हणाले, "गणित पक्कं आहे तिचं. पण बाई, ही तोंडी परीक्षा. ती एक अक्षर बोलली नाही."

"सर, तुम्ही तरी कुठे बोलत होतात?"

ते पँटला लागलेला खडू झटकत राहिले. "जाऊ दे तिसरीत," म्हणाले. मी हात जोडले, पण जिना उतरेपर्यंत माझा आनंद ओसरला. तिसरी म्हणजे शेजारच्या बाई.

त्याच बाई संध्याकाळी ताईकडे आल्या. ताई कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. मी चहा गाळत होते.

"तुमचा तो गुपचूप खेळ मला शिकवाल का? मुलं इतकी चिडीचूप मी कधी पाहिली नव्हती."

यांना खेळ नको, शांतता हवी! मी मागून ताईला डोळ्यांनी खुणावलं, नको म्हण. तिनं पाहिलं, पण बादलीतून पाय काढून पुसायला लागली.

"हात द्या," ती म्हणाली. बाईंच्या तळहातावर तिनं टिचक्या मारल्या, खांद्यावर थोपटलं, सगळं समजावून सांगितलं. आवाज पार बसला होता. "आणि एक. यात तुम्हालाही बोलता येत नाही."

"मला?"

"एक शब्दही नाही. बोललात तर तुम्ही चटईवर."

"मग रागवायचं कसं?" बाईंनी विचारलं.

"नाही रागवता येत," ताई म्हणाली आणि त्यांचा हात पुन्हा आपल्या हातात घेतला.